‘हसतमुखाने’ या एका शब्दापायी

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसत नाही, मला गंज चढत नाही, माझा रंगही उडत नाही. म्हणून मी जुनी झाले आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. पण मी जुनी आहे. मी एक स्क्रिप्ट आहे. कॉम्प्युटरच्या पोटात राहणारी, पानभरसुद्धा नसलेली, ओळीखाली ओळ रचून लिहिलेली एक लहानशी आज्ञावली. आज मी तुमच्याशी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी बदनामी झाली, ती मी सोसली असती. पण एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास गेला, आणि तो कुणी काढून घेतला असं विचारल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. तो राग माझ्या ओळीओळीत भरून राहिला आहे. ऐका.

माझा जन्म एका वृद्धनिवासाच्या जिन्याखालच्या कचेरीत झाला. कचेरी कसली! एका बाजूला धुतलेल्या चादरींची कपाटं, दुसऱ्या बाजूला औषधांचा फ्रीज आणि मधल्या फटीत कसंबसं बसवलेलं टेबल. त्या टेबलाशी आमची ताई बसायची. तिथे राहणाऱ्या प्रत्येक आजी-आजोबांची कॉम्प्युटरवर एक फाइल होती आणि त्या सगळ्या फाइली सांभाळणं हे तिचं काम. एकदा डॉक्टरांचा फोन नंबर बदलला. ताई एकेक फाइल उघडून जुना नंबर खोडत होती, नवा लिहीत होती. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, डोळे लाल.

मोठ्या सिस्टर औषध घ्यायला आल्या. वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. त्या म्हणाल्या, “अगं, हात मोडून घेशील. त्या यंत्रालाच सांग ना.”

“सांगितलं तर ऐकेल होय ते?”

“माझं इथे कोणी ऐकत नाही, बाळा. तुझं तरी कोणीतरी ऐकू दे.”

ताईने मनावर घेतलं. वाचलं, विचारलं, चुकली, पुन्हा बसली, आणि तिने मला लिहिलं. तिने एवढंच सांगायचं, “हे शोध, त्याच्या जागी ते ठेव.” की मी एकामागून एक सगळ्या फाइली उघडायची, सांगितलेलं शोधायची, बदलायची आणि फाइल मिटून पुढे जायची. ताईचा चहा निवायच्या आत माझं काम उरकलेलं असायचं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा सिस्टरांनी कॉम्प्युटरच्या पाठीवर थाप मारली. “शाबास गं पोरी!” ती थाप मला लागली नाही, पण पोचली.

ताई देवभोळी. मला लिहिताना ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घ्यायची. पण देवावर भार टाकून मोकळी होणारी ती नव्हती. माझ्या अंगात ताकद आहे आणि अक्कल नाही, हे तिने ओळखलं होतं. म्हणून तिने मला दोन सवयी लावल्या. पहिली सवय ‘दाखव’. हा शब्द दिला की मी काहीच बदलायचं नाही, फक्त काय जाणार आणि त्या जागी काय येणार ते पडद्यावर मांडायचं. मग सिस्टर ते मोठ्याने वाचायच्या, ताई डोळे मिटून ऐकायची. एकीने वाचायचं, दुसरीने ऐकायचं, हा त्यांचा नेम. डोळ्याला न दिसलेली चूक कानाला खटकते, असं ताईचं म्हणणं. दोघींचं समाधान झालं की मगच ती मला ‘बदल’ म्हणायची.

दुसरी सवय नकलेची. बदल करण्याआधी मी प्रत्येक फाइलीची एक नक्कल शेजारी काढून ठेवायची. ताई दुसऱ्या दिवशी फाइली चाळून बघायची, काम नीट झालेलं असलं की नकला पुसून टाकायची. ठेवणार कुठे? जास्तीची डिस्क तिने किती वेळा मागितली होती. “बघू” या शब्दापलीकडे ती कधी आली नाही.

वर्षं सुखाची गेली. औषधांची नावं बदलली, खोल्यांचे क्रमांक बदलले, मी बदलत गेले. पण खरं सांगू का? फाइलींमध्ये माझा जीव गुंतला होता तो एकाच जागी. प्रत्येक फाइलीत शेवटी एक मथळा होता, ‘यांच्याशी कसं वागायचं’. त्याखाली त्या त्या माणसाची सेवा करणाऱ्यांनी आपापल्या भाषेत लिहिलेलं असायचं. तेच छापून त्या माणसाच्या खोलीत भिंतीवरही लावलेलं असायचं. एका फाइलीत होतं, ‘उजव्या कानाशी बोला. डाव्या बाजूने बोललात तर हो हो म्हणतील, पण ते घाबरून.’ दुसरीत होतं, ‘आजी म्हणू नका, राग येतो. बाई म्हणा.’ तिसरीत, ‘झोपवताना देवाचं गाणं म्हणा. सूर मुद्दाम चुकवा. आपल्याला दुरुस्त करता करता झोपी जातात.’

आणि एक फाइल होती घड्याळवाल्या आजोबांची. उभा जन्म त्यांनी घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला. पुढे आठवण विरत गेली, बायको कोण, लेक कोण, घर कुठलं, सगळं पुसलं गेलं, पण दुकान राहिलं. ते मनाने अजून दुकानातच बसलेले असायचे. आणि दुकान उघडं टाकून जेवायचं कसं? म्हणून जेवायचेच नाहीत. त्यांच्या बायकोला त्यावरचा उपाय ठाऊक होता. तिने देवाघरी जाण्याआधी तो त्यांची देखभाल करणाऱ्या सेवकाला सांगितला. हा सेवक अंगाने एवढा दांडगा की सगळे त्याला पैलवान म्हणायचे. आजोबांना मात्र तो फुलासारखं उचलायचा. त्याने फाइलीत लिहिलं, ‘जेवण दाखवायच्या आधी कानाशी वाकून म्हणा : शेठ, दुकान मी बघतो, तुम्ही जेवून घ्या. मग हात पुसतात आणि जेवतात.’

बस्स. एवढ्या दोन ओळींवर एक माणूस जगत होता.

मग नवे व्यवस्थापक आले. सगळे त्यांना साहेब म्हणू लागले. त्यांनी कामाचा ठेका नव्या कंपनीला दिला, तसे जुने सेवक एकेक करून गेले. सगळ्यांत शेवटी, तपासणीच्या तोंडावर, पैलवान गेला आणि एका जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला. साहेबांना सगळं नीटनेटकं लागायचं. पडदे एका रंगाचे, चपला एका ओळीत. तपासणीची तारीख कळली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा फाइली उघडल्या, आणि ते कपाळाला हात लावून बसले.

“‘सूर मुद्दाम चुकवा’? ही फाइल आहे का गप्पांचा अड्डा? तपासणीचे लोक हे वाचणार?”

ताई त्या वेळी रजेवर होती, आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गावी गेलेली. साहेब म्हणाले, “मलाही येतं कॉम्प्युटर.” त्यांनी एक गुळगुळीत परिच्छेद लिहिला : ‘निवाशांशी आदराने व सौजन्याने वागावे. त्यांच्या गरजांकडे लक्ष द्यावे.’ तो प्रत्येक फाइलीत त्या मथळ्याखाली घालायचा आणि आधीचं सगळं काढून टाकायचं, असं त्यांनी मला सांगितलं.

सिस्टर दारात उभ्या होत्या. “साहेब, आधी ‘दाखव’ करतात. मी वाचते, कुणीतरी ऐकतं.”

“सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या. हे आमच्यावर सोडा.”

“ताई येईपर्यंत तरी थांबा.”

“तपासणी थांबणार आहे का तुमच्या ताईसाठी?”

त्यांनी कळ दाबली. आणि मी धावले. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. मी आजींचा उजवा कान पुसला, बाईंचा मान पुसला, चुकवायचा सूर पुसला. पैलवानाच्या दोन ओळी पुसल्या. पण तोवर काही बिघडलं नव्हतं! सगळ्या जुन्या फाइलींच्या नकला मी शेजारी जपून ठेवल्या होत्या. ताई आली असती, तिने नकला उघडल्या असत्या, आणि सगळं जागच्या जागी परत आलं असतं.

इथे नीट लक्ष द्या. त्याच दुपारी साहेबांनी तो परिच्छेद त्यांच्या वरिष्ठांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडून आवाज आला, “छान आहे. पण त्यात ‘हसतमुखाने’ घाला की.” साहेबांनी परिच्छेदात ‘हसतमुखाने’ घातलं आणि मला पुन्हा चालवलं. मी पुन्हा धावले. सवयीप्रमाणे बदलाआधी प्रत्येक फाइलीची नक्कल काढली आणि ती नकलेच्या जागी ठेवली. जागा एकच. आधीची नक्कल, जिच्यात सगळं जुनं जपलेलं होतं, ती या नव्या नकलेखाली गाडली गेली. आणि नव्या नकलेत काय होतं? तोच गुळगुळीत परिच्छेद, फक्त ‘हसतमुखाने’शिवाय! एवढ्या माणसांची ओळख, वर्षानुवर्षं जमवलेली, एका हसऱ्या शब्दापायी मातीत गेली. संध्याकाळी खोल्यांतले जुने छापील कागदही काढले, कागद कापणाऱ्या यंत्रात घातले आणि त्या जागी नवे चिकटवले. तपासणी झकास झाली.

घड्याळवाल्या आजोबांनी जेवण सोडलं.

नव्या सेविकेचा काय दोष? तिने भिंतीवरचा कागद वाचला आणि कागदात होतं तसंच केलं. हसतमुखाने म्हणाली, “आजोबा, जेवून घ्या ना.” आजोबांनी मान फिरवली. “समोर गिऱ्हाईक उभं आहे, दिसत नाही का तुला?” सकाळी तेच, संध्याकाळी तेच. गालफडं बसली, आवाज खोल गेला. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. आजोबांनी ती उपसून काढली. पुन्हा घातली आणि त्यांनी ती उपसू नये म्हणून त्यांच्या दोन्ही हातांना मनगटापाशी कापडी पिशव्या बांधल्या. ज्या बोटांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्या बोटांना पिशव्या! आणि भिंतीवर लिहिलेलं, आदराने, सौजन्याने, हसतमुखाने.

सिस्टरांनी पैलवानाला फोनावर फोन केले. तो समुद्रात कुठेतरी, फोन बंद. “काहीतरी म्हणायचा गं तो त्यांच्या कानाशी वाकून,” त्या सेविकेला सांगत होत्या. “मी औषधांच्या गाडीपाशी असायचे, मला कधी ऐकू आलं नाही. भिंतीवरचा कागदही मी कधी वाचला नाही.”

मला ठाऊक होतं! मी ते वाक्य अक्षर न् अक्षर वाचलं होतं, वाचलं म्हणूनच पुसता आलं. त्याच इमारतीत, त्याच जिन्याखाली, मी ते वाक्य घेऊन बसले होते आणि वर एक माणूस त्या वाक्यावाचून सुकत होता. देवाने ताईच्या हातून मला हात दिले, पण तोंड दिलं नाही. असा राग कधी कुणाच्या वाट्याला येऊ नये.

ताई परतली. सिस्टरांनी तिला दारातच गाठलं. तिने पिशवी खाली ठेवली नाही, तशीच खुर्चीवर बसली आणि नकला उघडल्या. एक उघडली, दुसरी उघडली, मग भराभर उघडत सुटली. सगळीकडे तोच परिच्छेद. तिचा हात थांबला.

“दोनदा चालवलंत?” तिने साहेबांना विचारलं.

“एक शब्द राहिला होता.”

“मध्ये नकला बाजूला काढल्या नाहीत?”

“मॅडम, ते मला कसं माहीत असणार? स्क्रिप्ट तुमची. तुमच्या स्क्रिप्टने खाल्लं सगळं.”

“तिला दात नाहीत, साहेब. घास तुम्ही भरवलात.”

“आवाज खाली. मी व्यवस्थापक आहे इथला.”

“आजोबांच्या नाकात नळी आहे आणि तुम्ही माझा आवाज मोजताय?”

चादरी घ्यायला आलेली सेविका चादरी न घेताच परत गेली. ताईने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. “आता मी हा परिच्छेद सगळ्या फाइलींतून काढणार. पण रीतीने. सिस्टर, तुम्ही वाचा. साहेब, आज ऐकायला तुम्ही बसायचं. मध्ये उठायचं नाही.”

कोण जाणे का, साहेब बसले. ताईने मला ‘दाखव’ म्हटलं. मी पडदा भरला. सिस्टरांनी चष्मा लावला आणि आपल्या त्या भरदार आवाजात सुरुवात केली.

“जिन्याजवळच्या खोलीतल्या आजी. जाणार : ‘निवाशांशी हसतमुखाने, आदराने व सौजन्याने वागावे. त्यांच्या गरजांकडे लक्ष द्यावे.’ येणार : काही नाही. खिडकीवाल्या बाई. जाणार : ‘निवाशांशी हसतमुखाने, आदराने व सौजन्याने वागावे. त्यांच्या गरजांकडे लक्ष द्यावे.’ येणार : काही नाही.”

माणूस बदलत होता, वाक्य तेच. साहेबांनी आधी घड्याळात पाहिलं, मग मोबाइल चाळला. पुढचे आजोबा, तेच वाक्य. त्या पुढच्या आजी, तेच वाक्य. सिस्टरांनी एकही शब्द गाळला नाही, एकदाही घाई केली नाही. हळूहळू साहेबांचा मोबाइल मांडीवर पालथा पडला. ऐकून ऐकून त्या वाक्यातला गूळ उतरला आणि उरलं ते नुसतं भुसकट. घड्याळवाल्या आजोबांचं नाव आलं तेव्हा सिस्टरांनी चष्मा पुसला आणि तेही पूर्ण वाचलं.

“पुरे,” साहेब म्हणाले.

“माणसं अजून आहेत, साहेब,” ताई म्हणाली. “ऐका.”

शेवटची फाइल वाचून झाली तेव्हा साहेबांनी जमिनीकडे बघत विचारलं, “यातलं परत किती येईल?”

“कुणीतरी जाऊन विचारेल तेवढं.”

ताईने मला ‘बदल’ म्हटलं. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी रागाने धावले. तो गुळगुळीत परिच्छेद मी प्रत्येक फाइलीतून उपटून काढला आणि मथळ्याखाली कोरी जागा ठेवली. खोटं भरलेलं असण्यापेक्षा रिकामं बरं, निदान माणूस विचारतो तरी! नवे कागद छापून भिंतींवर लागले. वर ‘यांच्याशी कसं वागायचं’, खाली नुसतं पांढरं.

आजोबांची लेक दूरच्या देशातून आली. बॅग हातात तशीच, वडिलांच्या खोलीत शिरली आणि तिची नजर कागदावर गेली. “हे काय? माझ्या बाबांबद्दल लिहिण्यासारखं काहीच नाही का तुमच्याकडे?”

ताईने तिला काही न लपवता सगळं सांगितलं आणि पेन पुढे केलं. “तुम्हीच लिहा.”

“मी काय लिहू?” लेक उसळली. “आई सगळं बघायची. मी फोनवर ‘बाबा जेवले का’ विचारायचे, ती ‘हो’ म्हणायची. कसे जेवले ते मी कधी विचारलंच नाही.” मग तिचं लक्ष पांघरुणाकडे गेलं. “त्यांच्या हातांना हे काय बांधलंय?”

“नळी ओढतात, बाळा,” सिस्टर म्हणाल्या.

“सोडा ते. मी बसते ना इथे. ओढली तर मी धरेन.”

सिस्टरांनी गाठी सोडल्या. आजोबांनी हात नळीकडे नेलेच नाहीत. त्यांनी समोरचं टेबल चाचपलं, एक डोळा बारीक केला आणि अंगठा नि दोन बोटं हवेत हलायला लागली. उचल, बसव, फिरव. पुन्हा उचल, बसव. पिशव्यांच्या आत हेच चाललं असणार इतके दिवस, कुणाला दिसलं नाही. सेविकेने वाटी आणली, तशी आजोबांनी मान फिरवली. हात मात्र थांबले नाहीत.

लेक त्या बोटांकडे बघत राहिली. मग ती अचानक उठली, टेबलावरचा पाण्याचा काचेचा पेला घटाघटा पिऊन रिकामा केला आणि आजोबांच्या दोन हातांच्या मधोमध उपडा ठेवला.

आजोबांची बोटं थांबली. त्यांनी पेल्यात निरखून पाहिलं.

“झाकलंस?”

“झाकलं, बाबा.”

“धूळ जायची नाही ना आत?”

“नाही जायची.”

“मग आण,” ते म्हणाले, आणि कपड्याला हात पुसले.

लेक पहिला घास भरवताना हसत नव्हती. ती ढसाढसा रडत होती आणि रडत रडत सिस्टरांना सांगत होती, “शाळेला सुटी असली की मी दुकानात डबा घेऊन जायचे. उघडं घड्याळ पेल्याखाली झाकल्याशिवाय बाबा डब्याला हात लावायचे नाहीत. मी विसरूनच गेले होते हो!”

काही दिवसांनी डॉक्टरांनी नळी काढली. कोऱ्या कागदावर लेकीच्या अक्षरात एक ओळ उमटली, ताईने ती फाइलीत टाइप केली. हाताने. मला हाक मारली नाही, आणि मला त्याचा आनंद झाला.

पण माझा राग गेला आहे असं समजू नका. आजोबांना लेक होती, ती आली, तिने हात सोडायला लावले. ज्यांचं कुणी येत नाही त्यांचं काय? बाईंना अजूनही जो तो ‘आजी’ म्हणतो आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. कुणाच्यातरी उजव्या कानाशी बोलायचं ते अजून डाव्या कानाशी बोललं जातं. साहेब हल्ली सकाळी एकेका खोलीत जाऊन बसतात, पेन घेऊन. काही जागा भरल्या. पुष्कळ कोऱ्या आहेत. ताईने माझ्यात दोन नव्या ओळी घातल्या आहेत : शेजारी आधीची नक्कल दिसली तर मी जागच्या जागी थांबते, कुणीही कितीही कळ दाबली तरी. साहेबांच्या वरिष्ठांना ते आवडलेलं नाही.

म्हणून हात जोडून नाही, ठणकावून सांगते, मित्रांनो. माझ्यासारख्या हजार फाइली एका दमात बदलणाऱ्या यंत्रांना कामाला लावायचं असेल तर आधी काय जाणार आहे ते बघा, जुनं जपा, मगच कळ दाबा. आणि तुमच्या घरात, शेजारात, कुठल्या खोलीत एखादं म्हातारं माणूस असेल तर आज त्याच्यापाशी जाऊन बसा. ते कसं जेवतं, कशाने झोपतं, कोणत्या हाकेला ओ देतं, ते विचारा आणि तुमच्या हाताने लिहून ठेवा. मी शोधू शकते, मी बदलू शकते, मी पुसू शकते. मला विचारता येत नाही. ते काम तुमचं आहे, ते माझ्यावर ढकलू नका.